अर्ध्यांना आवडला, अर्ध्यांना नाही. मग तिसरा अल्बम कुणाचं ऐकून करायचा?

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. चौघांचा बँड, इंडी पॉप-रॉक. पहिला अल्बम तुम्ही एका खोलीत, एका लॅपटॉपवर, स्वतःच रेकॉर्ड केलेला. दुसरा स्टुडिओत, निर्माता घेऊन, सिंथचे (सिंथेसायझरचे) आणि मागच्या आवाजांचे थर चढवून. तो येऊन दोन महिने झाले. जुने श्रोते म्हणतात ‘जीव गेला’, ‘फार गुळगुळीत झालं’. नवे म्हणतात ‘आता कुठे बँड ऐकल्यासारखं वाटतंय’. सहा मिनिटांचं चौथं गाणं काहींना सगळ्यांत जास्त आवडतं, काहींच्या मते ते नसतं तर अल्बम सुटसुटीत झाला असता. शब्द कळत नाहीत ही तक्रार मात्र दोन्हीकडून आली आहे. गायकाने जाहीर करून टाकलंय की तिसरा अल्बम पुन्हा त्या जुन्या खोलीतच होणार. तुम्ही ड्रमर, तुम्हाला ते पटत नाही, आणि तुम्ही विचारताय, ऐकायचं तरी कुणाचं?

मी वाजवत नाही, मिक्सिंग करते, म्हणजे रेकॉर्ड झालेले वेगवेगळे आवाज एकमेकांत जुळवते. १८ वर्षं झाली, आणि त्यातले बहुतेक अल्बम स्वतःच्या खिशाला खार लावून घेणाऱ्या छोट्या बँडचे. अल्बम आल्यावर महिना-दोन महिन्यांनी येणारा हा प्रश्न माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. पहिला आठवडा अभिनंदनाचा जातो. मग कुणीतरी चार परिच्छेद भरून नाराजी लिहितं. मग बँडच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरू लागतात, आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचेच टाकतो.

खरी अडचण तिथेच आहे असं मला वाटतं. ‘कुणाचं ऐकायचं’ हा प्रश्न श्रोत्यांबद्दल वाटतो, पण बहुधा तो तुमच्या चौघांबद्दल आहे. सिंथचे थर चढत होते तेव्हाच गायकाला ते खटकत असणार आणि तुम्हाला आवडत असणार. तेव्हा तो बोलला नाही, किंवा बोलला आणि कुणी मनावर घेतलं नाही. आता त्याला साक्षीदार मिळालेत. उद्या तुम्हीही तुमच्या बाजूचे तितकेच उभे कराल. श्रोत्यांची मतं अशी वकिलीला जुंपली की त्यांत शिकण्यासारखं जे काही असतं ते वाया जातं. माझा अंदाज साफ चुकला असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. पण माझ्याकडे आलेल्या बऱ्याच बँडांचं, खोदून विचारल्यावर, हेच निघालं आहे.

दुसरं, ‘संमिश्र प्रतिसाद’ हा शब्द फार फसवा आहे. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर संगीताला ४० ते ६० गुण पडले की त्यावर ‘संमिश्र किंवा सरासरी’ असा शिक्का बसतो. आता ५५ हा आकडा दोन वाटांनी येऊ शकतो. सगळ्यांनीच पन्नास-साठच्या आसपास गुण दिले, म्हणजे कुणालाच फारसं काही वाटलं नाही. किंवा अर्ध्यांनी ९० दिले आणि अर्ध्यांनी २०. पहिल्या प्रकारात मी खरोखर काळजीत पडते, कारण ‘ठीक आहे’ म्हणणारा श्रोता सहसा परत येत नाही. दुसऱ्या प्रकारात अल्बमने निदान कुठेतरी कुणालातरी धरलेलं असतं. तुमच्या वर्णनावरून तुम्ही दुसऱ्यात मोडता.

मात्र किती जणांनी लिहिलंय हे तुम्ही सांगितलेलं नाही, आणि त्यावर बरंच ठरतं. चाळीस कमेंट असतील तर त्यातले दहा तुमचे मित्र आणि पाच दुसऱ्या बँडमधले असणार. तिथे ‘अर्धे-अर्धे’ म्हणण्यात काही राम नाही. चार हजार असतील तर गोष्ट वेगळी. तुमचं पोट या बँडवर चालतं का, यानेही उत्तर बदलेल. नोकरी सांभाळून वाजवत असाल तर तुम्हाला घाई नाही, आणि तसं असेल तर पुढचं सगळं बरंच सोपं आहे.

आता लिहितं कोण ते बघा. ज्याला अल्बम बरा वाटला तो दोन दिवस गुणगुणतो आणि आपल्या कामाला लागतो. लिहायला बसतो तो एकतर भारावलेला, नाहीतर फसवणूक झाल्यासारखा दुखावलेला. दोन्ही टोकांची माणसं प्रामाणिक असतात, पण मधला मोठा घोळका गप्पच असतो. त्या गप्प लोकांचा माग दुसरीकडे लागतो. किती जणांनी गाणं आपल्या संग्रहात ठेवलं, किती जणांनी स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये घातलं, हे आकडे मी आधी मागते. नुसत्या स्ट्रीमच्या आकड्यावर माझा फार विश्वास नाही, कारण स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. तेवढ्यात तुमच्या सहा मिनिटांच्या गाण्यात गायकाने तोंडही उघडलं नसेल. यूट्यूबवर गाणी टाकली असतील तर ‘यूट्यूब स्टुडिओ’ या तिथल्या पानावर प्रत्येक व्हिडिओचा आलेख मिळतो, लोक कितव्या सेकंदाला सोडून गेले याचा. ‘चौथं गाणं काढा’ म्हणणाऱ्या पन्नास कमेंटपेक्षा तो एक आलेख मला जास्त सांगतो.

गर्दीच्या पसंतीबद्दल एक प्रयोग मी जवळजवळ प्रत्येक बँडला सांगते. मॅथ्यू सॅलगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी तो २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि १४ हजारांहून जास्त श्रोते. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीचे आठ वेगवेगळ्या गटांत वाटलेले, आणि त्यांना आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तेही दिसत होतं. दुसऱ्यांची पसंती दिसायला लागल्यावर वरची गाणी आणखी वर गेली आणि खालची आणखी खाली. शिवाय आठही गटांत तीच गाणी वर गेली नाहीत. अगदी चांगली गाणी फारशी आपटली नाहीत, अगदी वाईट फारशी चढली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. तुमच्या अल्बमखालची पहिली मोठी कमेंट ‘जीव गेला’ अशी होती का, हे जरा तारखा लावून तपासा. तशी असेल तर तिच्याखालच्या वीस जणांनी तुमचा अल्बम त्या कमेंटच्या चष्म्यातून ऐकला असण्याची दाट शक्यता आहे.

आता माझी पद्धत. मी एक कागद घेते आणि मधोमध रेघ मारते. डावीकडे ‘त्यांना काय ऐकू आलं’, उजवीकडे ‘ते काय करायला सांगतायत’. ‘दुसऱ्या गाण्यात कंटाळा आला’ हे डावीकडे. ‘सिंथ काढून टाका’ हे उजवीकडे. सगळं लिहून झालं की उजवी बाजू फाडून टाकते. यात श्रोत्याचा अपमान नाही. पोट दुखतंय हे रोगी सांगतो ते शंभर टक्के खरंच असतं. कशाने दुखतंय हे त्याने सांगितलेलं खरं असेलच असं नाही. डावी बाजू मात्र मी अगदी अक्षरशः घेते. ‘जीव गेला’ असं पन्नास जण म्हणत असतील तर काहीतरी गेलंय. काय गेलंय ते शोधणं हे आमचं काम.

तुमच्या बाबतीत मी सगळ्यात आधी लाऊडनेस मोजेन. तुम्ही ड्रमर आहात म्हणून स्नेअरवरूनच, ड्रमसेटमधल्या त्या कडक आवाजाच्या ड्रमवरूनच सांगते. आवाजाची सरासरी पातळी मोजायचं जे माप आहे त्याला एलयूएफएस म्हणतात. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर आणून वाजवतं. जास्त मोठं असेल ते खाली ओढतं. समजा, तुमचा पहिला अल्बम, कुणी मास्टरिंगच्या, म्हणजे मिक्सनंतरच्या शेवटच्या संस्कारांच्या, फंदात न पडल्यामुळे, उणे १३ वर राहिला. तो जेमतेम एक डेसिबल खाली येतो. दुसरा अल्बम ‘दणदणीत’ व्हावा म्हणून लिमिटरने, आवाजाची टोकं दाबणाऱ्या यंत्रणेने, दाबून दाबून उणे ७ वर नेला. तो सात डेसिबल खाली येतो. म्हणजे ज्या मोठेपणासाठी दाबला तो तर मिळालाच नाही, आणि दाबताना स्नेअरच्या प्रत्येक ठोक्याचं टोक छाटलं गेलं ते गेलंच. आता दोन्ही अल्बम एकामागून एक लावा. खोलीत केलेल्या अल्बममध्ये स्नेअर भिंतीतून बाहेर आल्यासारखी वाटेल. स्टुडिओतल्या अल्बममध्ये ती भिंतीवर चिकटवलेली. श्रोत्याला लिमिटर माहीत नसतो. तो म्हणतो, जीव गेला.

ही कल्पना नाही. २००८ साली मेटॅलिका या मेटल बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला तेव्हा हेच जगजाहीर झालं. त्यातली गाणी ‘गिटार हीरो’ या गेममध्येही आली होती आणि तिथे ती कमी दाबलेली होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून ऐकली, आणि अल्बम पुन्हा नीट करून द्या अशा अर्जावर हजारोंनी सह्या केल्या. गाण्यांवर राग नव्हताच, राग आवाजावर होता. तुमच्याकडेही तसंच असेल तर ‘जुनी खोली विरुद्ध स्टुडिओ’ हा वाद निम्मा तिथेच मिटतो, आणि नव्याने मास्टर करून घ्यायला तिसऱ्या अल्बमची वाट बघावी लागत नाही.

तपासायची रीत सोपी आहे, फक्त एक पथ्य पाळा. दोन्ही अल्बममधलं एकेक गाणं घ्या, मीटर लावून दोघांची पातळी सारखी करा आणि मगच ऐका. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलं की आवाज लहान असला की कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. त्यामुळे तेच गाणं जरा मोठ्याने लावलं की जास्त भरदार वाटतं. पातळी सारखी न करता केलेली तुलना म्हणजे नुसती हौस. आणि त्या खोलीत चौघंही हवेत. गायक एकटा ऐकून निकाल देणार असेल तर ऐकूच नका.

मोजून सगळं ठीक निघालं, तरी ‘गुळगुळीत’ ही तक्रार उरतेच. तिच्याबद्दल माझ्याच कामातली एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एका बँडचा असाच दुसरा अल्बम मी मिक्स केला होता. श्रोत्यांच्या कमेंटमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा: ‘थंड’. निर्मात्याचं म्हणणं, रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, कमी पडला. गिटारवाला म्हणे, गाणीच थंड आहेत. मी एका गाण्याची फाइल पुन्हा उघडली आणि मुख्य आवाजाचा ट्रॅक एकटाच लावला. दुसऱ्या अंतऱ्याआधी साधारण एका सेकंदाची जागा होती. स्क्रीनवर तिथे सरळ रेघ. शून्य. त्या जागी गायिकेने श्वास घेतला होता, आणि आवाज ‘स्वच्छ’ करताना मीच तो कापला होता. हा एकच नव्हे, गाण्यातले एकूण एक श्वास. शिवाय सूर ओळीओळीला ताणून बसवलेले, आणि ड्रमचे ठोके ग्रिडवर, म्हणजे तालाच्या काटेकोर रेघांवर, सरकवलेले. यातली प्रत्येक गोष्ट करताना मला ती बरोबरच वाटली होती. मी तो एक श्वास परत ठेवला, मूळ पातळीच्या थोडा खाली, आणि बँडला बोलावलं. काय केलंय ते सांगितलं नाही. तो श्वास आला तसा बेस वाजवणारा पुढे सरकून बसला. गायिका म्हणाली, ‘आत्ता मी आहे.’ रिव्हर्बचा काही संबंधच नव्हता.

म्हणून तुमच्या निर्मात्याकडून मूळ, संपादन न केलेले टेक, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मूळ फेऱ्या, मागवून घ्या. ते बहुधा तुमचेच आहेत. करारात काही वेगळं लिहिलं नसेल तर मिळायला अडचण येऊ नये. एका गाण्यात ड्रम ग्रिडवरून काढून तुम्ही जसे वाजवले होते तसे लावून बघा. तुम्ही कोरसला जाताना किंचित घाई करत असाल, बहुतेक ड्रमर करतात, आणि त्या घाईनेच कोरस उसळतो. पहिल्या अल्बममध्ये ती घाई होती कारण ती सरळ करायची अक्कल किंवा सवड कुणाकडे नव्हती.

शब्द कळत नाहीत, ही तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे. आवडनिवड इथे संपते. दोन्ही बाजूंचे श्रोते एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी धरून चाला. माझी चाचणी अशी: ज्याने गाणं कधीच ऐकलेलं नाही अशा माणसाला फोनच्या स्पीकरवर, हळू आवाजात, एकदाच ऐकवायचं आणि कळतील तेवढे शब्द लिहायला सांगायचे. तुम्हा चौघांना शब्द पाठ आहेत, त्यामुळे तुमचे कान इथे कुचकामी. तुम्हाला ते नसले तरी ऐकू येतील. जिथे कागद कोरा राहील तिथे बहुधा सिंथ आणि गायक एकाच पट्ट्यात, दोन ते चार किलोहर्ट्झच्या आसपास, एकमेकांच्या अंगावर चढलेले असतात. सिंथ तिथे थोडा कापला की पुरतं, अख्खा काढायची गरज नाही. जाता जाता फोनवर बेस ऐकू येतो का तेही बघा. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर असते आणि फोनच्या स्पीकरला तिथपर्यंत पोचताच येत नाही. वरच्या सुरांचा थोडा खरखरीतपणा दिला नाही तर त्या श्रोत्यांसाठी तुमच्या बँडमध्ये तीनच माणसं उरतात.

आता ते सहा मिनिटांचं गाणं. इथे मी जरा अडखळते, कारण माझा स्वतःचा इतिहास फारसा बरा नाही. एका बँडला असंच एक लांब गाणं पावणेचार मिनिटांवर आणायला मीच लावलं होतं. अल्बमवर ते चांगलं बसलं, कुणी तक्रार केली नाही. पण कार्यक्रमांत ते मूळ लांबीचंच वाजवत, आणि लोक नंतर विचारत, हे अल्बमवर का नाही. तेव्हापासून लांबीच्या तक्रारीवर मी आधी एक वेगळाच प्रश्न विचारते: हे गाणं त्या माणसाने कुठून येऊन ऐकलं?

तुम्ही अल्बमआधी एकेरी गाणी सोडली असतील. ती तिन्ही-चारही वेगवान, तीन मिनिटांची असतील, तर तुम्ही लोकांना एका अल्बमचं आमंत्रण दिलंत आणि दारात दुसराच अल्बम उभा केलात. तो राग गाण्यावर निघतो, पण चूक आमंत्रणाची असते. शिवाय गाणं अल्बममध्ये एका जागी असतं आणि प्लेलिस्टमध्ये भलत्याच. स्पॉटिफायवर अख्खा अल्बम ओळीने लावला तर गाण्यांमधला लहान-मोठा फरक तसाच राहतो. तेच हळुवार गाणं एकटं प्लेलिस्टमध्ये गेलं की त्याची पातळी बाकीच्यांच्या बरोबरीला आणली जाते. तिसऱ्या गाण्याच्या दणक्यानंतर खोलीत कुणीतरी दिवा मंद करावा म्हणून तुम्ही जे केलं होतं, ते तिथे कुणीतरी कानाशी येऊन पुटपुटल्यासारखं वाटतं. गाण्यांच्या क्रमाला किंमत देणारे तुम्ही एकटेच नाही. २०२१ मध्ये गायिका अॅडेलच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी शफलऐवजी ओळीने वाजवण्याचं केलं. तरीही तुमच्या श्रोत्यांपैकी किती जणांनी अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, हा प्रश्न विचारून बघा. चौथं गाणं सर्वोत्तम म्हणणारे बहुतेक त्यांतले निघतील अशी मी पैज लावायला तयार आहे. ते गाणं ठेवा.

काळाचाही मुद्दा आहे, तो थोडक्यात उरकते. रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलेली गोष्ट आज सगळ्यांना माहीत आहे: एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की नुसत्या ओळखीनेही ती आवडू लागते. जुन्या श्रोत्याने तुमचा पहिला अल्बम दोनशे वेळा ऐकलाय आणि दुसरा तीन वेळा. ही तुलना मुळातच बरोबरीची नाही. पहिल्या आठवड्यातल्या आणि आठव्या आठवड्यातल्या कमेंट वेगळ्या करा. मत कुठल्या दिशेला सरकतंय ते मला मतापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आणि यावरून तुमच्या गायकाला सांगण्यासारखी एक हकीकत आहे. वीझर या अमेरिकी रॉक बँडचा पहिला अल्बम १९९४ चा, रिक ओकासेकने निर्मिती केलेला, नीटनेटका आणि चटकन कानात बसणारा. १९९६ मध्ये दुसरा आला, ‘पिंकर्टन’. त्याची निर्मिती बँडने स्वतःच केली. आवाज खडबडीत, शब्द नको इतके खाजगी. म्हणजे तुमच्या बरोबर उलट: तिथे लोक ओरडत होते की हे फार ओबडधोबड झालं. ‘रोलिंग स्टोन’ या संगीत मासिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत काढलं. त्यानंतरचा अल्बम यायला २००१ उजाडलं. पुन्हा ओकासेक, छोटी छोटी आटोपशीर गाणी, सगळं मिळून अर्ध्या तासाच्याही आत. मधल्या काळात ‘पिंकर्टन’चे श्रोते गुपचूप वाढत होते. २००४ मध्ये त्याच ‘रोलिंग स्टोन’ने त्याला पाच तारे दिले, आणि २०१०च्या दौऱ्यात बँडने तो अख्खा अल्बम मंचावर वाजवला. २००१चा अल्बम चाललाही चांगला, त्यामुळे तो करायलाच नको होता असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या वर्षातल्या नापसंतीवर पुढची दिशा ठरवली की काय होऊ शकतं, ते इथे दिसतं. नापसंती शिळी होते, अल्बम तिथेच असतो.

आतापर्यंतचं एकत्र करते, म्हणजे तुम्हाला चौघांच्या बैठकीत वाचून दाखवता येईल. कमेंटची उजवी बाजू फेकायची, डावी ठेवायची. लाऊडनेस मोजायचा, पातळी सारखी करून दोन्ही अल्बम एकत्र बसून ऐकायचे. मूळ टेक मागवून एका गाण्यातले श्वास आणि ड्रमची चाल परत ठेवून बघायची. शब्दांची चाचणी करायची. सहा मिनिटांच्या गाण्याला हात लावायचा नाही. या सगळ्याला दोन-तीन शनिवार-रविवार लागतील. तोवर तिसऱ्या अल्बमबद्दल कुणीही काहीही जाहीर करायचं नाही, विशेषतः गायकाने.

राहिला त्या जुन्या खोलीचा प्रश्न. गायकाचं काहीतरी बरोबर आहे, असं मला सगळं वाचून वाटतं. फक्त तो खोलीला श्रेय देतोय. पहिला अल्बम तसा वाजला कारण तुमच्याकडे माइक कमी होते, त्यामुळे तुम्ही एकमेकांच्या आवाजात मिसळत होता. चाळीस टेक घ्यायला वेळ नव्हता, म्हणून तिसराच टेक ठेवला. सिंथ कुणाकडे नव्हता. त्या अडचणींनी तुमच्या वतीने निर्णय घेतले. आज तुम्ही त्याच खोलीत परत गेलात, पण हातात नवा लॅपटॉप, पाचशे प्लगइन आणि अमर्याद टेक असतील, तर बाहेर येणारा अल्बम दुसऱ्यासारखाच असेल, फक्त भिंतींचा घुमारा जास्त. उलट स्टुडिओतही तुम्ही अडचणी स्वतःहून घालून घेऊ शकता. एका गाण्याला दोन दिवस. मुख्य आवाजाचे तीनच टेक. गाणं नुसत्या चार वाद्यांवर उभं राहिल्याशिवाय सिंथचं झाकण उघडायचं नाही. हे नियम गायकाला ठरवू द्या. स्टुडिओ तुम्ही निवडा.

आणि सुरुवात करायची तर एका गाण्याने करा, अल्बमने नको. तुमच्याकडे एखादं अर्धवट नवीन गाणं असेलच. चौघंही एकाच खोलीत, क्लिक ट्रॅक (कानात ताल देणारी टिकटिक) बंद, हेडफोन नाहीत, गायक वाद्यांच्या मधोमध. त्याचा आवाज तुमच्या माइकमध्ये सांडेल, तुमची झांज त्याच्या माइकमध्ये शिरेल, मिक्स करणारा कपाळाला हात लावेल. लावू द्या. दोन टेक घ्या, घरी जा, आठवडाभर ऐकू नका. मग एकदा ते दोन टेक आणि एकदा दुसऱ्या अल्बममधलं तुमचं स्वतःचं सगळ्यात आवडतं गाणं, असं लागोपाठ लावा, पातळी सारखी करून. काय कळलं ते मला लिहा. टेक अल्बमवर नाही ठेवला तरी चालेल, फाइल मात्र पुसू नका.